हात काढून टाक तेवढा

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढं उभी राहते तेव्हा देवालाही नाही. त्याला ठाऊक असेलच असं धरून चालते आणि पटकन नमस्कार करून वळते. आत्ता तुम्हाला सांगायला बसलेय तर तळहाताला घाम सुटलाय बघा. आमच्या कामात हाताला घाम सुटला की संपलंच. पण ते पुढं येईल.

तशी मी घाबरट बाई नाही. म्हणजे दिसत तरी नाही. सांगलीत एका शाळेत चित्रकला शिकवते, वर्गात ओरडले तर ग्राउंडवरची पोरं गप्प होतात. रांगोळ्या काढते, दारातल्या नव्हे, हॉलभर मोठ्या. आणि अलीकडं भाषणंही करते — हो, भाषणं! महिला मंडळं बोलावतात, कॉलेजं बोलावतात, एकदा तर भिशीच्या बायकांनी बोलावलं होतं. विषय ठरलेला: कलाकारानं अपयशाची भीती कशी घालवावी. हसू नका. त्या विषयात मला चार लोक मानतात. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. तो वाळा मी पदराखाली ठेवते, एवढंच.

भाषणात माझी एक हमखास गोष्ट असते. एका बाईंचा चेहरा मी रांगोळीत काढला होता. काम पुरं होत आलं होतं. लाईट गेली होती. कुणाच्या तरी हातून पंख्याचं बटण चालू राहिलं, लाईट आली, पंखा फिरला आणि सगळा चेहरा उडून गेला. मी रडले नाही. झाडू घेतला, फरशी साफ केली आणि उरलेल्या वेळात नवी रांगोळी काढली. मैत्रिणींनो, त्या दिवशी माझी भीती गेली! इथं टाळ्या पडतात. दर वेळी पडतात.

गोष्टीतला पंखा खरा आहे. लाईट खरी आहे. झाडूसुद्धा खरा आहे. बाकी — बाकी सांगायलाच तर बसलेय. थांबा जरा.

तो चेहरा मामींचा होता. माझ्या नवऱ्याच्या मामी. त्यांचं गाव फलटणच्या अलीकडं, उसाच्या पट्ट्यात. मामा फौजेत होते, सुभेदार होऊन घरी आले. अजून पहाटे उठून दाढी करतात, दारात चपला काढल्या तरी दोन्ही एका रेषेत ठेवतात. आणि घरातून शेवटी कोण बाहेर पडणार? मामा. का, तर सगळी बटणं बंद आहेत का ते बघायला. ‘लाईट चालू ठिवून जानारा मानूस बंदूक बी उघडी ठिवतो,’ असं ते आम्हाला ऐकवायचे. आम्ही त्यांच्या माघारी त्यांची नक्कल करायचो. हे एवढं ध्यानात ठेवा.

मामी माहेरच्या कुंडलच्या. बुटक्या, गोल, सदा घाईत. मी नवी नवरी होऊन पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले, तेव्हा सासूबाईंनी माझी ओळख करून दिली, ‘चित्रं काढती म्हणं, स्वैपाकाचं बघायचं अजून.’ मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मामींनी रांगोळीचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, दार तुझं. मी मोर काढला. त्या कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘लय हलका हात हाय गं तुजा.’ त्या घरात माझ्याबद्दल कुणी बोललेलं ते पहिलं चांगलं वाक्य. ते मी अजून जपून ठेवलंय, आणि त्यांचं मी काय केलं ते आता ऐकाल.

मामी हसायच्या फार. पण हसू फुटलं की झटकन हात तोंडावर. लहानपणी हापशाचा दांडा उसळून तोंडावर बसला होता, पुढचा दात अर्धा तुटला होता. तेव्हापासून ती सवय. लग्नकार्यात, बारशात, अगदी एकट्या बायका-बायका असलो तरी हात तोंडावरच. मामांचं उलट. ते सगळ्यांदेखत म्हणायचे, ‘हात काढ की! दात तुटल्याली हसती तवाच चांगली दिसती.’ मग मामी दुसऱ्या हातानं त्यांना मारायच्या. पहिला हात तोंडावर तसाच.

मामी साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. दिवसकार्य झालं, आम्ही आपापल्या घरी आलो. मग वर्ष भरायच्या सुमारास मामा एस.टी.नं सांगलीला आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत आमच्यासाठी गूळ. चहा झाल्यावर त्यांनी फोन काढला आणि मला एक फोटो दाखवला. माझ्याच हळदीतला. मामी हसतायत, डोळे बारीक झालेत, गाल वर आलेत आणि तोंडावर हात.

वर्षाच्या फुलांच्या दिवशी समाजमंदिरात तिची रांगोळी काढ, म्हणाले. आमच्याकडं वर्षश्राद्धाला कीर्तन होतं आणि बरोबर बाराला सगळे मिळून फोटोवर फुलं टाकतात. मामांना फोटोवर टाकायची नव्हती. ‘फोटूत ती बसल्यागत दिसती. रांगुळी तिची हाय. हसताना काढ. हात काढून टाक तेवढा.’

हात काढून टाक तेवढा! जसा काही भाजीतला कढीपत्ता. मी विचारलं, मामा, हाताखालचं मला कसं कळणार? ते हसले. मला म्हणाले, ‘मला ठावं हाय की. घरात आमी दोगंच असलो की काढायची हात. तू काढ, म्या वळकतो.’

मी ओळखतो. या दोन शब्दांना मी घाबरले.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं घाबरायचं? सांगते. तोपर्यंत मी चेहरे काढले होते ते देवांचे, नाहीतर भिंतीवर टांगलेल्या थोर माणसांचे. देवाचं नाक जरा जाड झालं तर देव काही म्हणत नाही. लोक फक्त मुकुट बघतात, मोबाईलमध्ये काढून घेतात आणि ‘वा ताई’ म्हणतात. इथं एकच माणूस बघणार होता आणि त्याला उत्तर आधीच माहीत होतं. आणि ते तोंड जगात कुठंच नव्हतं, फक्त त्याच्या डोक्यात होतं. मी चुकले तर तो बोलणार नाही. फौजी माणूस, मान हलवील आणि ‘चांगली हाय’ म्हणेल. तेच! त्या ‘चांगली हाय’ची मला भीती होती. लोक तोंडावर वाईट म्हणाले तर भांडता येतं. ‘चांगली हाय’शी कसं भांडणार?

मग नाही म्हणायचं होतंस की, असंही म्हणाल. नाही म्हणायलाही अंगात दम लागतो. आणि हातासकट काढते म्हटलं असतं तर? सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं. पण मग सासूबाई म्हणाल्या असत्या, जमलं नसंल. कुंडलची माणसं म्हणाली असती, नुसतं नाव मोठं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना — मामींनी जन्मभर झाकलेलं तोंड मी उघडायला निघाले होते, आणि माझी स्वतःची मूठ मात्र मला झाकलेलीच ठेवायची होती.

कागदावर तोंडं काढून काढून वही भरली. बंद तोंड, उघडं तोंड, तुटका दात डावीकडं, उजवीकडं. मामांना फोन करून कुठला दात ते विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं तर त्यांनी आनंदानं सांगितलं असतं. विचारणं म्हणजे मला येत नाही हे कबूल करणं, असं मला वाटायचं. वर्गात मात्र मी पोरांना सांगायचे, शंका विचारा रे, लाजू नका.

आदल्या दिवशी आम्ही गावाला गेलो. समाजमंदिराची फरशी धुऊन वाळवून ठेवली होती. मी कुठंही रांगोळीला गेले की सगळ्यात आधी बटणांचा बोर्ड शोधते आणि त्यावर आडवी चिकटपट्टी मारते. कारण एक पंखा फिरला की सगळं मातीत. नेहमीप्रमाणं मारली. खडूनं चौकटी आखल्या, चेहरा मांडला आणि रंग भरायला बसले. मामा दारात खुर्ची टाकून बसले, पाठ हॉलकडं करून. मी पुरी झाल्यावरच बघणार, म्हणाले. कुणी डोकवायला आलं की त्यालाही हाकलायचे. पहाऱ्यावर बसल्यासारखे बसले होते.

आणि डोळे जमले. हे मी कसं सांगू तुम्हाला — आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून खरे डोळे उतरले. हसून बारीक झालेले, कडेला सुरकुत्या, आत ती मामींची खट्याळ चमक. सासूबाई मामांना न जुमानता आत आल्या, बघितलं आणि पदर डोळ्याला लावून ‘वैनी गं’ म्हणून खालीच बसल्या. त्या बाईंनी माझ्या कामाला कधी बरं म्हटलेलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता की नाही? मला धास्ती पडली. आता एवढ्या डोळ्यांखाली तोंड चुकलं तर सगळ्यांना दिसणार. काम वाईट होत असतं तर मी निवांत राहिले असते. ते चांगलं होत गेलं तशी मी घाबरत गेले.

फुलांच्या दिवशी सकाळी तोंड तेवढं उरलं होतं. पहिलं काढलं तर ते थेट सासूबाईंचं दिसायला लागलं. पुठ्ठ्याच्या तुकड्यानं रंग उचलला. दुसरं काढलं ते टूथपेस्टच्या जाहिरातीतल्या बाईचं. तेही उचललं. मग हाताला घाम. घामेजल्या चिमटीतून रंग सुटत नाही, गोळ्या होतात, रेघ तुटते. मी हात पदराला पुसतेय, पावडर लावतेय, पुन्हा बसतेय आणि तोंडाच्या जागी नुसती फरशी. बाहेर मांडवात भांडी वाजायला लागली होती, कुंडलची गाडी आली होती, बायकांचे आवाज येत होते. मामी मात्र दोन डोळ्यांनी माझ्याकडं बघून हसत होत्या, बिनतोंडाच्या.

तेवढ्यात लाईट गेली. आमच्याकडं लाईट जाणं ही काही बातमी नाही. पण हॉलला खिडक्या लहान, आत अंधारून आलं. मामा बाहेरूनच म्हणाले, दिसतंय का गं? आणि डोळे मुद्दाम दुसरीकडं ठेवून, भिंतीला धरून, रांगोळीकडं न बघता ते आत आले. बोर्डावरची चिकटपट्टी त्यांनी ओढून काढली, आमचंच काही फ्यूज वगैरे गेलंय का बघायला ट्यूबचं बटण चालू-बंद, चालू-बंद केलं. मग बंद केलं आणि म्हणाले, गावातलीच गेलीय. तसेच भिंतीला धरून बाहेर गेले. चिकटपट्टी बोर्डाला एका टोकानं लोंबकळत राहिली.

बंद केलं. मी बघितलं होतं. मामांनी बटण बंद केलं होतं.

मी उठले. पट्टी पुन्हा लावायला उठले, हे देवाशपथ खरं. बोर्डापाशी गेले. ओळीनं बटणं होती. मी वर बघितलं. पंखा बरोबर मामींच्या चेहऱ्यावर. आणि मग मी — पंख्याचं बटण खाली दाबलं. मी. या बोटानं.

लाईट नव्हती, त्यामुळं काहीच झालं नाही. हेच तर त्यातलं भयंकर आहे. काहीच झालं नाही. ‘टक’ एवढाच आवाज. पट्टी तशीच लोंबती ठेवली आणि बाहेर आले.

घाबरलेल्या माणसाच्या हातून एका क्षणात काहीबाही घडतं, असं म्हणून मी स्वतःला सोडवू पाहिलं आहे. पण तो एक क्षण नव्हता हो. मी बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. सासूबाईंनी चहा दिला. मी तो प्याले. कुंडलच्या मावशींनी, म्हणजे मामींच्या बहिणीनं, विचारलं, झाली का? मी म्हटलं, होतच आलीय. दुसरा कप घेतला. त्या सगळ्या वेळात मी कधीही उठून आत जाऊ शकत होते. बटण वर करून परत येऊ शकत होते. कुणाला कळलंही नसतं. मी बशीत चहा ओतला आणि फुंकर घालत बसले.

मग गिरणी चालू झाली. समाजमंदिराच्या मागं पिठाची गिरणी आहे. लाईट आली की आधी तिचा पट्टा घरघरतो, सगळ्या गावाला कळतं. सासूबाई म्हणाल्या, आली बाई एकदाची. मी बसूनच राहिले. माझे पाय उठले नाहीत, की मी उठवले नाहीत? हे मला अजून सांगता येत नाही.

मामा मात्र धावले. सूनबाईला ट्यूब लावून द्यायची म्हणून. पहिले आत गेले ते तेच.

आम्ही दारात पोचलो तोवर त्यांनी पंखा बंद केला होता. हॉलमध्ये रंगाचा धुरळा तरंगत होता. फरशीवर करडे फराटे, मध्ये खडूच्या चौकटी. मामांच्या पांढऱ्या शर्टावर, मिशीवर, कपाळावर रंग. मामींच्या गालाचा रंग. ते बोर्डाकडं बघत उभे होते. आणि माझ्या तोंडून काही निघायच्या आधी तेच म्हणाले, ‘टेप म्या काढली व्हती.’

मला खोटं बोलावंही लागलं नाही! सासूबाई कपाळावर हात मारून ‘दादा, आरं काय केलंस ह्ये’ म्हणाल्या. कुंडलच्या मावशी तर तोंडाला पदर लावून म्हणाल्या, ‘आवं, जित्तेपनी येळ दिला न्हाईसा, आन आता ह्ये.’ मामा ताठ उभे. हात शरीराला चिकटलेले, साहेबापुढं उभे राहावेत तसे. म्हणाले, ‘गलती माजी हाय. बटान बंद कराय इसरलो.’ तो माणूस! ज्यानं जन्मात एक बल्ब चालू ठेवला नाही.

आणि मी काय केलं? मी पुढं झाले, त्यांच्या दंडाला हात लावला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, ‘असू दे मामा. चुकून होतं माणसाच्या हातून.’

मी त्यांना माफ केलं. ऐकलंत? मी त्यांना माफ केलं.

मग झाडू. मग उरलेल्या वेळात एक मोठं कमळ, डोळे मिटूनही काढता येईल असं. हाताला घाम नव्हता. चिमटीतून रंग कसा धारेसारखा सुटत होता. बाराला त्या कमळावर फुलं पडली. जेवणाच्या पंगतीत सगळ्यांच्या तोंडी एकच — काय धीराची पोरगी, दुसरी असती तर रडत बसली असती. तिथूनच सुरू झालं माझं. आधी तालुक्यात, मग साताऱ्यात, सांगलीत. धीराची बाई म्हणून.

खोटं बोलावं लागलं नाही, असं म्हटलं ना मी मघाशी? नाही, तेही पुरतं खरं नाही. एक बोलले. निघताना मामा आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आले. खिडकीतून वाकून हळूच विचारलं, ‘पुरी झाली व्हती का गं?’ मी म्हटलं, हो. ‘हसत व्हती?’ मी म्हटलं, हो मामा, हसत होत्या. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, चला, म्हाताऱ्याला तेवढाच दिलासा. दिलासा कसला? मी त्यांच्या डोक्यावर एक पुरं हसू पुसल्याचं पाप घातलं, जे फरशीवर कधी उमटलंच नव्हतं. आणि जे उमटलं होतं, ते डोळे, ते त्यांनी बघितलेच नाहीत. माझ्या फोनमध्ये होता एक फोटो, सकाळी घेतलेला, डोळे पुरे आणि तोंडाच्या जागी फरशी. कुणी बघितला असता तर कळलं असतं की काम अडलं होतं. गावाची वेस ओलांडायच्या आत मी तो पुसून टाकला.

लोक विचारतात, खरंच भीती गेली का? तोंड चुकायची गेली. आता कुणाचाही चेहरा काढते, बिनधास्त. चुकलं तर चुकलं, त्याहून वाईट मी करून बसलेय. पण गिरणीचा पट्टा घरघरला की मी अजून आधी वर पंख्याकडं बघते. शाळेत लाईट गेली आणि आली की पोरं हुर्रे करतात, मी खडू घट्ट धरते. आणि मामा घरी आले की — ते सांगायलाच हवं.

मामा आता बटणाला हात लावत नाहीत. कुठल्याच. आधी वाटलं वयानं असेल. मग एकदा संध्याकाळी मी शाळेतून आले तर घरात अंधार आणि मामा सोफ्यावर ताठ बसलेले, घामानं निथळत. ना दिवा, ना पंखा. मी घाबरून म्हटलं, मामा, लाईट आहे की! ते ओशाळून हसले आणि म्हणाले, ‘तेवढं बटान दाब गं, सूनबाई.’ मी दाबलं. दर वेळी मीच दाबते. माझ्याच घरात, त्यांच्यादेखत, त्याच बोटानं.

मागच्या महिन्यात साताऱ्याला एका महिला मंडळात माझं भाषण होतं. मामांना कुठूनसं कळलं आणि ते येऊन मागच्या रांगेत बसले. मला ते गोष्टीच्या मध्यावर दिसले. थांबता आलं असतं. दुसरी गोष्ट सांगता आली असती. पण तोंड सवयीनं चालूच राहिलं — लाईट गेली होती, कुणाच्या तरी हातून पंख्याचं बटण चालू राहिलं — आणि मागं खुर्ची सरकली. मामा उभे राहिले. हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, ‘त्यो मानूस म्या हाय.’

हॉल हसला. प्रेमानं हसला हो, तेच तर वाईट. अध्यक्षबाईंनी त्यांना स्टेजवर बोलावलं. म्हणाल्या, काका, तुम्ही ती चूक केलीत म्हणून आम्हाला ताई मिळाल्या! त्यांना नारळ दिला. मला माईक दिला. आता बोल, आता बोल, असं माझ्या डोक्यात कुणीतरी ओरडत होतं. माझ्या हातात माईक होता, समोर भरलेला हॉल होता आणि शेजारी नारळ धरून मामा उभे होते, ओशाळून, एक हात तोंडावर ठेवून हसत. मी म्हटलं, टाळ्या वाजवा मामांसाठी.

परत येताना त्यांना गावात सोडलं. नारळ मांडीवर घेऊन ते सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, कळलं यांना. मला वाटलं, आता विचारतील. गावाच्या वेशीपाशी ते बोलले. येत्या वर्षाला पुन्हा काढशील का तिला, म्हणाले. ‘हात असू दे. हातासकटच काढ. आता मलाच आठवंना झालंय, हाताखाली कशी दिसायची ती.’

मी समोरच्या रस्त्याकडं बघत होते. त्यांना वाटलं मी कचरतेय. म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

‘भिऊ नगं, पोरी,’ म्हणाले. ‘या टायमाला म्या बटनाजवळ यायचाच न्हाई.’

मी म्हटलं, बरं मामा.